जसा प्रश्न, तसे दार

आमच्या आमोण्याहून कुडणे जवळ, नार्वेही फार लांब नाही. कुडण्याला एक पडके देऊळ आहे. गावची माणसे त्याला 'गुजिराचे देऊळ' म्हणतात. राज्य सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याची नोंद जैन मंदिर म्हणून आहे. नार्व्याला 'जैनकोट' आहे. फोंडा तालुक्यात बांदोड्याला नेमिनाथ बसदीचे अवशेष आहेत. आज गोव्यात आपल्या समाजाची घरे थोडी. त्यातली बरीचशी बेळगाव-कोल्हापूरकडून, नाहीतर गुजरात-राजस्थानातून धंद्या-नोकरीच्या निमित्ताने आलेली. पण आपल्या कितीतरी आधी आपलेच कुणी इथे येऊन राहिले होते, देव मांडून बसले होते, याची साक्ष हे दगड देतात.

साहजिकच बायका विचारतात. देऊळ किती जुने? कुणी बांधले? कुणी मोडले? मूर्ती कुठल्या तीर्थंकरांची? तिथे जायचे कसे? आणि मग मोबाईल उघडून हे पाचही प्रश्न शोधाच्या त्या एकाच पांढऱ्या चौकटीत टाकतात. वर जे पहिले येईल ते वाचतात आणि मोबाईल मिटतात. मीठ संपले तर आपण वाण्याकडे जातो, मंगळसूत्र तुटले तर सोनाराकडे, ताप आला तर डॉक्टरकडे. माहितीच्या बाबतीत मात्र सगळ्यांना एकच दुकान पुरेल असे आपण धरून चालतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने दशलक्षण पर्वात एक छोटी स्मरणिका काढायचे ठरवले. त्यातले कुडण्याचे पान माझ्याकडे आले. त्याच दिवसांत मोबाईलच्या गटांवर एक संदेश फिरत होता. १५६० साली पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने कुडण्याचे जैन मंदिर फोडले, असे त्यात छातीठोकपणे लिहिलेले. खाली नाव नाही, गाव नाही. दुसऱ्या एका गटात तोच मजकूर, फक्त फोडणारे बदललेले. तिथे मुसलमानांचे नाव. "हेच छाप ना, तयार आहे," असे मला दोघी-तिघींनी सांगितले. आता छापलेले पान काही आपल्यातच राहत नाही. रोज सकाळी भोंगा वाजवत येणारा पोदेर ख्रिस्ती, बाजारात आपल्याला वर्षानुवर्षे ओळखणारा एखादा दुकानदार मुसलमान, आणि शेजारपाजार हिंदू. त्यांच्या हातात हे पान जाणार. म्हणून म्हटले, आधी दाखला बघू, मग काय लिहायचे ते ठरवू. त्या शोधाशोधीत कुठले साधन कशाच्या उपयोगी पडते, ते इथे सांगते.

शोधाची साधने ही काही इंटरनेटने आणलेली नवलाई नाही. आपल्या समाजाला तर ती फार जुनी ओळखीची आहेत. पाटण, जैसलमेर, मूडबिद्री इथल्या ज्ञानभांडारांत हजारो पोथ्या. त्यातली नेमकी पोथी काढायची तर यादी हवीच. 'बृहट्टिप्पनिका' नावाची जैन ग्रंथांची एक यादी विक्रम संवत १४४० ची आहे. संवतातून ५७ वजा करा, म्हणजे इसवी सन १३८३. कुणा अनामिक मुनींनी ती केली. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारसाठी ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, भांडारकर यांनी पोथ्या जमवल्या. तो संग्रह नंतर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आला. त्याच संस्थेने १९४४ साली प्रा. ह. दा. वेलणकर यांचा 'जिनरत्नकोश' प्रसिद्ध केला. जैन ग्रंथांची आणि ग्रंथकारांची ही अकारविल्हे सूची. कुठल्या ग्रंथाची पोथी कुठल्या भांडारात आहे, हे त्यात पाहायचे. ग्रंथात काय लिहिले आहे ते ही सूची सांगत नाही, तो कुठे मिळेल ते सांगते. हा फरक मनात धरून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गोव्यातही तेच. पोर्तुगीजांनी १५९५ साली इथे दप्तरखाना स्थापला आणि पहिला दप्तरदार नेमला तो दियोगु दु कोतु हा इतिहासकार. आजच्या पणजीच्या पुराभिलेख खात्याचे मूळ तिथे आहे. या दप्तरखान्याची वाट सामान्य अभ्यासकाला मोकळी करून दिली ती आपल्या सत्तरीतल्या पिसुर्ले गावच्या माणसाने. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर, जन्म १८९४. त्यांनी १९५५ साली या कागदांची मार्गदर्शिका छापली आणि तिला 'रोतैरु' असे नाव दिले. पोर्तुगीज खलाशी समुद्रावर जी वाटांची वही बरोबर ठेवत, तिला रोतैरु म्हणत. कुठे खडक, कुठे बंदर, कुठून वळायचे, हे तीत लिहिलेले असे. कागदांच्या यादीला हे नाव देणाऱ्या माणसाला शोध म्हणजे काय ते पुरते कळलेले होते.

इंटरनेटवरच्या साधनांची गोष्ट याच्याच पुढची आहे. १९९० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज या तरुणाने 'आर्ची' नावाची सोय केली. ती फक्त फायलींची नावे शोधत असे, आतला मजकूर नाही. म्हणजे पोथीच्या वेष्टनावरचे नाव वाचायचे, पाने उघडायची नाहीत. १९९४ च्या 'याहू'मध्ये माणसांनी हाताने विषयवार लावलेली यादी होती. १९९५ अखेरचे 'अल्टाविस्टा' पानांतले शब्द शोधत असे. १९९८ मध्ये गूगल आले. त्यांची युक्ती वेगळी होती. ज्या पानाकडे इतर पुष्कळ पाने बोट दाखवतात ते पान वजनदार, म्हणून ते वर. आता त्यात आणखी शेकडो गोष्टी मिसळल्या आहेत, पण मूळ स्वभाव तोच. दहा जणी ज्या साडीच्या दुकानाचे नाव घेतात, तेच अकराव्या बाईला सांगितले जाते.

साडीला हे चालते. गॅसच्या बुकिंगला, कदंबा बसच्या वेळेला, दहावीच्या निकालाला, भाजीत मीठ जास्त झाल्यास काय करावे याला हेच साधन उत्तम. कारण हे प्रश्न पुष्कळांचे आहेत. पण कुडण्याच्या पडक्या देवळाबद्दल किती जण बोलतात? 'गोवा' टाइप केले की समुद्रकिनारे वर येतात आणि 'आमोणे' टाइप केले की पूल आणि कारखाना. ज्याची चर्चा जास्त ते वर, ज्याची थोडी ते खाली. म्हणून खाली आहे ते खोटे असे नाही आणि वर आहे ते खरे असेही नाही.

दुसरी अडचण नावांची. ही आपल्या गोव्यात जितकी आहे तितकी दुसरीकडे क्वचित असेल. आपण आमोणे लिहितो, कोंकणीत आमोणें, इंग्रजी पाटीवर आमोना. कुडणे हे पोर्तुगीज कागदात 'सी' अक्षराने सुरू होते आणि 'एम'ने संपते, कारण शेवटचा अनुस्वार दाखवायला ते 'एम' लिहीत. आजचे लोक 'के' अक्षराने लिहितात, कधी शेवटी 'एम' ठेवतात, कधी गाळतात. त्यांच्या कानाला आपला 'ड' पुष्कळदा 'र' असा ऐकू आला. पेडण्याचे पेर्नें झाले, दिवाडीचे दिवार, बांदोड्याचे बांदोरा. डिचोलीचे तर विचारूच नका. कोंकणीत दिवचल, पोर्तुगीजांत बिचोलीं, आणि जुन्या कागदांत या भागाचे नाव भतग्राम. नार्वेही दोन आहेत. एक दिवाडी बेटावरचे, एक आपल्या डिचोली तालुक्यातले. एकच नाव टाकून शोधणाऱ्या बाईला निम्मे कागद दिसत नाहीत, आणि दिसतात त्यातले काही भलत्याच गावचे असतात.

म्हणून पहिला उपाय अगदी घरगुती. शोधायला बसण्यापूर्वी वहीत त्या गावाची जितकी रूपे सुचतील तितकी लिहून काढायची आणि एकेक करून टाकायची. गावाचे नाव आणि 'जैन' असे दोन शब्द एकत्र हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचे, म्हणजे ते शब्द जसेच्या तसे असलेली पानेच समोर येतात. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचे चिन्ह लावले की तो शब्द असलेली पाने गळतात. पुराणवास्तूंबद्दल शोधताना हॉटेलांच्या जाहिराती यानेच कमी होतात.

याच्या जोडीला लिपीचा प्रश्न. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली, पण आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा निरनिराळ्या फॉन्टांत टाइप होत राहिला. पडद्यावर मराठी दिसायचे, यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी वाटायची. त्या काळातले लेख इंटरनेटवर असले तरी मराठी शब्द टाकून हाती लागत नाहीत. आणि पानाचा नुसता फोटो काढून ठेवलेला असेल, तर त्यातली अक्षरे यंत्राने ओळखल्याशिवाय तो शोधात येत नाही. 'काहीच सापडले नाही' याचा अर्थ 'काहीच नाही' असा घेऊ नये, तो यासाठी.

आता मुख्य गोष्ट. कुठले दार ठोठवायचे हे ठरवताना मी एकच विचारते: हा कागद कुणाच्या हाताने लिहिला गेला असेल? ज्याचे राज्य, त्याची भाषा, त्याची लिपी, त्याचे दप्तर. अकराव्या ते चौदाव्या शतकापर्यंत इथे गोव्याच्या कदंबांचे राज्य होते. त्यांचे लेख दगडावर आणि ताम्रपटावर, संस्कृतात नाहीतर कानडीत. ते शोधायचे तर पुराभिलेखांचे छापील खंड हवेत. जॉर्ज मोराइश यांचा 'कदंब कुल' हा ग्रंथ १९३१ चा. पी. बी. देसाई यांचा दक्षिणेतल्या जैन धर्मावरचा आणि जैन शिलालेखांवरचा ग्रंथ १९५७ चा, आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतला. अशी जुनी पुस्तके साध्या शोधात वर येत नाहीत. त्यांच्यासाठी १९९६ पासून चाललेले इंटरनेट आर्काइव्ह बघावे. तिथे पुस्तकाच्या नावात शोधायचे की आतल्या मजकुरात, हे निवडता येते. आतल्या मजकुरात शोधा. इंग्रजी आणि पोर्तुगीज छापील अक्षरे यंत्र बरी वाचते. देवनागरी, त्यातून जुन्या खिळ्यांची, पुष्कळदा चुकीची वाचते. म्हणून मराठी पुस्तक असेल तर अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचलेली बरी.

कदंबांनंतर विजयनगर, बहामनी, मग विजापूरची आदिलशाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली, १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी. आपली डिचोली मात्र त्यांच्याकडे गेली ती १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी इथे आदिलशाही, शिवाजी महाराज, पुढे सावंतवाडीचे भोसले. त्यांचे बरेच कागद मोडीत. इतके कळले की फिरत्या संदेशाचे काय करायचे ते आपोआप कळते. धर्मन्यायालय गोव्यात १५६० ला सुरू झाले हे खरे. पण १५६० मध्ये कुडणे पोर्तुगीजांच्या राज्यात नव्हतेच! उलट त्याच शतकात दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ मोडले, तेव्हा तिथल्या भक्तांनी लिंग नदीपार आणले ते आपल्याच डिचोलीच्या नार्व्यात, कारण इथे पोर्तुगीजांचा हात पोचत नव्हता. जिथे शेजारचे देव आसऱ्याला आले, तिथले देऊळ त्याच धर्मन्यायालयाने त्याच वर्षी फोडले म्हणायचे, तर त्याला भक्कम कागद हवा. संदेशात तो नव्हता. दुसऱ्या संदेशातही नव्हता.

सप्तकोटेश्वराचे नाव निघालेच आहे तर आणखी एक उदाहरण. 'नार्व्याचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधले' हे वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी दिसेल. पण त्या देवळाच्या दारावरच शिलालेख आहे. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. शकात ७८ मिळवा, १६६८ येते. लेखात सांगितले आहे ते महाराजांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाचा प्रारंभ झाल्याचे. काम पुरे कधी झाले ते त्यात नाही. प्रारंभ आणि समाप्ती यांत फरक असतो, हे घर बांधलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. उसन्या वाक्यात तो फरक पुसला जातो, मूळ लेखात राहतो. म्हणून शिलालेख असेल तर त्याचा फोटो आणि त्याचे छापील वाचन शोधावे. त्याच्याबद्दल दुसऱ्याने काय लिहिले ते नंतर.

बाकीची दारेही सांगून टाकते.

एखाद्या विषयाची तोंडओळख हवी असेल, कदंब कोण, बसदी म्हणजे काय, तर मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला. पहिला खंड १९७६ चा, आणि आता सगळा फुकट ऑनलाइन. लेखाखाली लिहिणाऱ्याचे नाव असते. विकिपीडिया मराठीत २००३ पासून आहे. तिथे कुणीही लिहू शकते, म्हणून वाक्य वाचून थांबू नये. वाक्याशेजारच्या बारीक आकड्यावर बोट ठेवावे आणि खाली कुठल्या पुस्तकाचे नाव येते ते बघावे. आकडा नसेल तर ते वाक्य ऐकीव समजावे.

शब्दाचा अर्थ हवा असेल तर कोश. मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची आवृत्ती, आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. 'गुजिराचे देऊळ' यातला गुजीर म्हणजे गुजर, गुजरातकडचा व्यापारी, असा अर्थ लावतात. तसे असेल तर देऊळ बांधणारे किंवा सांभाळणारे व्यापारी असतील. मांडवीच्या पाण्यावरून माल येत-जात होता, तेव्हा हे न पटण्यासारखे नाही. पण नाव नुसते बोट दाखवते. त्याला पुरावा म्हणता येत नाही.

शास्त्रग्रंथ हवा असेल तर जैन ई-लायब्ररी. अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी ती उभी केली. तिथे हजारो ग्रंथ आहेत, पण बहुतेक हिंदी, गुजराती, संस्कृत आणि प्राकृत. ग्रंथाचे नाव नक्की माहीत नसेल तर आधी जिनरत्नकोश बघून मग तिकडे जावे.

अभ्यासकांचे लेख हवे असतील तर गूगल स्कॉलर, हे त्याच गूगलचे वेगळे दार. तिथे जाहिराती नाहीत. जुन्या पोर्तुगीज पुस्तकांसाठी लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल विभाग.

जागा कुठे आहे हे हवे असेल तर नकाशा. गूगलचा आहे, आपल्या इस्रोचा 'भुवन' आहे. पण गूगलच्या नकाशावर नावे सुचवणारे तुमच्या-माझ्यासारखेच असतात, हे विसरू नये. जमीन कुणाच्या नावे आहे ते नकाशा सांगत नाही. त्यासाठी गोव्यात एक-चौदाचा उतारा, तो सरकारच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकून निघतो. संरक्षित वास्तू आहे की नाही, हे पुराणवस्तू खात्याची यादी सांगते. हा प्रश्न क्षुल्लक नाही. संरक्षित जागेत आपल्या मनाने चौथरा बांधणे, रंग देणे, नवी मूर्ती बसवणे हे पुण्य नव्हे, कायद्याचा भंग आहे.

मूर्तीचा फोटो असेल तर फोटोवरून शोधण्याचे साधन आहे. पण ते दिसण्याशी दिसणे जुळवते. ध्यानस्थ बसलेली, डोक्यावर नागफणा असलेली मूर्ती बुद्धाचीही असू शकते आणि पार्श्वनाथांचीही. इथे यंत्रापेक्षा तुमच्या सासूबाईंचे शिक्षण वरचढ आहे. फणे सात तर पार्श्वनाथ, पाच तर सुपार्श्वनाथ. आसनावर बैल असेल तर ऋषभनाथ, शंख असेल तर नेमिनाथ, सिंह असेल तर महावीर. लांछनाची जागा झिजलेली असेल तर 'तीर्थंकर' एवढेच म्हणावे आणि पुढे जाऊ नये.

आणि आता ते गप्पा मारणारे साधन. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, त्याच्या मागोमाग बाकीची. मराठी गोड लिहितात. पोर्तुगीज उताऱ्याचा मतलब समजून घ्यायला, एका गावाची दहा स्पेलिंगे काढून घ्यायला, कठीण इंग्रजी लेख सोपा करून घ्यायला मी ती वापरते आणि त्यांचे उपकार मानते. पण ही यंत्रे शब्दाला शब्द जुळवून वाक्य घडवतात. जिथे कागद थोडे तिथेही वाक्य मात्र पुरे करतात. कुडण्याचे देऊळ कुठल्या साली बांधले असे विचारले तर एखादे साल मिळेलही. त्यावर एकच विचारायचे: कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर? आणि ते पुस्तक, ते पान स्वतः उघडून बघायचे. तसे पान नसेल तर ते साल सोडून द्यायचे.

शेवटी काही दारे अशी आहेत की ती मोबाईलमधून उघडत नाहीत. पणजीच्या पुराभिलेखातले कितीतरी कागद, गावकारीची मोडी दप्तरे, पाटो इथल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. हे ग्रंथालय १८३२ चे आहे. आज त्याला कृष्णदास शामांचे नाव आहे. तिथे जावे लागते, विचारावे लागते. बायकांनी बिचकू नये. काय हवे ते एका ओळीत लिहून नेले की माणसे आपणहून कपाट दाखवतात. आणि एक दार अगदी शेजारचे. कुडण्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंना मी देवळाबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "बाय, आमच्या आज्यानय तें मोडिल्लेंच पळयिल्लें." त्यांच्या आजोबांनीही ते पडकेच पाहिले होते. या वाक्यात साल नाही, फोडणाऱ्याचे नाव नाही. पण त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे, आणि तिने माहीत नाही ते जोडलेले नाही.

हे सगळे झाल्यावर मी स्मरणिकेत काय लिहिले? कुडण्याला जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत, ते राज्य संरक्षित आहेत, गावचे लोक त्याला गुजिराचे देऊळ म्हणतात, त्यावरून त्याचा व्यापाऱ्यांशी संबंध असावा असे मानतात. मंदिर कशाने पडले याचा कागद आमच्या पाहण्यात आला नाही. शेजारी बांदोड्याची आणि नार्व्याची माहिती, आणि कसे जायचे ते. बस्स.

आमच्या अक्का, मंडळातल्या सर्वांत वडील, पान वाचून म्हणाल्या, "एवढंच? इतके दिवस शोधून एवढंच?"

मी म्हटले, "अक्का, एवढंच आहे, पण यातलं एकही वाक्य कुणी येऊन खोडू शकणार नाही."

"आणि ते फोडलं कुणी, ते?"

"कुणी फोडलंच, हे तरी कुठं ठाऊक आहे? बंदर गाळानं भरलं की व्यापारी उठून जातो. व्यापारी गेला की दिवा लावणारं कुणी राहत नाही. मग पाऊस आणि वडाची मुळं पुरतात. तसंही झालं असेल. फोडलंही असेल. दोन्ही शक्य आहे म्हणून दोन्ही मोकळं ठेवलं."

अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "स्यात् म्हण की सरळ." आणि हसल्या. लहानपणापासून पाठशाळेत ऐकलेला शब्द. वस्तूला अनेक बाजू असतात, आपण सांगतो ती एक, म्हणून आधी 'स्यात्' लावावे. शोधाच्या प्रत्येक साधनालाही तो लावायला हरकत नाही. गूगल सांगते ते गर्दीच्या बाजूने, कोश सांगतो ते शब्दाच्या बाजूने, दप्तर सांगते ते राज्यकर्त्याच्या बाजूने, म्हातारी सांगते ते गावाच्या बाजूने.

स्मरणिका निघाली, वाटली गेली. फिरता संदेश मधूनमधून अजून येतो. आला की मी त्याखाली दोनच प्रश्न लिहिते: हे कुठल्या कागदात आहे, आणि त्या साली डिचोलीत राज्य कुणाचे होते? अजून कुणी उत्तर दिलेले नाही. पण आमच्या गटातल्या दोघी-तिघी आता तो संदेश पुढे पाठवण्याआधी मला फोन करतात. परवा एकीने फोन न करता स्वतःच गावाच्या नावाची चार स्पेलिंगे काढून पाहिली आणि मग मला सांगितले, "वहिनी, कुठंच नाही हो हे. मी पुढे नाही पाठवलं."